रिमांड म्हणजे काय?

मुलांनो, असं समजा की तुम्ही खिडकीजवळच्या बाकावर बसला आहात. समोर फळा आहे. इंग्रजीच्या बाईंनी धड्यातले कठीण शब्द त्यावर लिहिले आहेत. लॉकअप, रिमांड, जेल, पॅरोल. धडा आहे चुकून पकडल्या गेलेल्या एका खलाशाचा.

"या सगळ्यांचा अर्थ एकच, कैद," बाई म्हणाल्या. "लिहून घ्या आणि पुढचं पान काढा."

एरवी बाई एकेका शब्दावर अर्धा तास घालवत. त्याचं कूळ-मूळ, सोयरेधायरे, सगळं सांगत. आज त्यांना घाई होती.

मागच्या बाकावरून खारूने हात वर केला. ही मुलगी नुकतीच शाळेत आलेली. सतत पेन्सिल कुरतडायची, म्हणून घरचे तिला खारू म्हणत आणि आता वर्गही म्हणू लागला होता.

"बाई, एकच नाही," ती म्हणाली. "लॉकअप पोलीस स्टेशनात असतं. रिमांड म्हणजे निकाल लागलेला नाही, तरी कोर्ट आत ठेवतं. तो माणूस अजून गुन्हेगार ठरलेला नसतो. आणि पॅरोल म्हणजे शिक्षा चालू असताना थोडे दिवस घरी सोडतात, परत यायच्या बोलीवर. लोक सरसकट 'जेलमध्ये आहे' म्हणून मोकळे होतात. पण रिमांडवाल्याच्या आईला ते फार लागतं."

बाईंच्या हातातला खडू मोडला.

"बापरे! तुला कुणी शिकवलं हे?" मॉनिटर मुलीने वळून विचारलं.

खारू सांगायला उत्साहाने उभी राहिली. तेवढ्यात बाईंनी कपाळ पुसायला टेबलावरच्या पिशवीतून रुमाल काढला. साधी तपकिरी पिशवी, तुटलेल्या बंदाला लाल दोरा गुंडाळलेला. खारूने तिकडे पाहिलं आणि उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

"सांग की गं!"

खारूची मान खाली गेली. कान लाल झाले.

"मी सांगतो," मागून एकजण ओरडला. "हिचा बाप आत असणार!"

वर्ग खो खो हसला. "खारूचा बाप पिंजऱ्यात!"

"खरं का गं?" मॉनिटरने विचारलं.

खारूने बाईंकडे पाहिलं. बाई पाठमोऱ्या होत्या. पुसलेला फळा पुन्हा पुसत होत्या.

"हो," खारू म्हणाली.

हसणं एकदम थांबलं. शेजारच्या मुलीने आपलं दप्तर हळूच स्वतःकडे ओढलं. तुम्ही त्या वर्गात असतात तर बाईंनी काहीतरी बोलावं म्हणून वाट पाहिली असती. बाईंनी पुढचं पान वाचायला घेतलं. मधल्या सुट्टीत खारूने डबा एकटीनेच खाल्ला. तास संपवून जाताना बाईंनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला होता, तो तसाच परत घेतला होता.

आता चला माझ्याबरोबर तुरुंगाच्या दारापाशी. आज भेटीचा दिवस. आत फोन, पिशवी, काहीच नेऊ देत नाहीत. म्हणून दारासमोर एक टपरी आहे. सामान तिथं ठेवायचं आणि बिल्ला घ्यायचा. रांगेतले बरेचजण तोंड झाकून, जमिनीकडे बघत उभे राहतात. टपरीवाल्याला ते चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत, पिशवीवरून येतात.

"काय हो ताई, मुलाचा रिमांड पुन्हा वाढला म्हणे?" पिशवी घेता घेता टपरीवाल्याने विचारलं.

ओढणीत चेहरा गुंडाळलेल्या बाईने नुसती मान हलवली.

"होईल सगळं नीट. अजून गुन्हा शाबीत कुठं झालाय?" तो म्हणाला आणि त्याने मागे हाक मारली, "खारू, ताईंना बिल्ला दे गं, बाळा."

"देते, बाबा."

ओढणीतले डोळे पहिल्यांदाच वर आले आणि तिथंच खिळले.

खारूने बिल्ला पुढे केला. "घ्या, मावशी," ती म्हणाली. मग तिने तपकिरी पिशवी फळीवर ठेवली आणि लाल दोऱ्याची बाजू भिंतीकडे वळवली.