जुन्या गोंदातला पंजा

लाद्या उचलून मिस्त्री आणि त्याचा मेहुणा खालच्या काँक्रीटवरचा चाळीस वर्षांचा गोंद पटाशीने खरवडत होते. गोंदात उजवा पंजा उमटलेला दिसला. मधलं बोट अर्धंच होतं.

"दाजी, हा तर तुमचाच हात!" मेहुणा हसला.

"तेव्हा मी पाळण्यात होतो. बोट तर गेल्या वर्षी तुटलं."

तरी मिस्त्रीने गंमत म्हणून हात ठेवून पाहिला. रेघ न् रेघ जुळली. गोंद दगडासारखा वाळलेला होता, पण हात काही केल्या निघेना.

"हसतोस काय, सोडव!"

मेहुणा घाईघाईने भोवतीचा गोंद खरवडू लागला आणि एकदम थांबला. हातभर अंतरावर, त्याच थरात, मिस्त्रीचाच गाल आणि उघडं तोंड उमटलं होतं.

"काय दिसलं रे?"

मेहुण्याने त्यावर पोतं ओढलं. "काही नाही, दाजी."