पूर्ण बरी

टाळ्या थांबायची वाट पाहत चंद्रकांता व्यासपीठावर उभी होती. डॉक्टरांनी नुकतंच तिच्याकडे हात करून सभागृहाला सांगितलं होतं, "सात वर्षांपूर्वी हिला घरच्यांनी बांधून माझ्याकडे आणलं होतं. आज ही तुमच्या-माझ्यासारखी पूर्ण बरी आहे."

वसईच्या त्या हॉलमध्ये मानसिक आरोग्य दिनाचा कार्यक्रम होता. ऑक्टोबरचा उकाडा, वरचे पंखे नुसते घरघरत होते. डॉ. श्रीरंग खांडके मानसोपचारतज्ज्ञ. आजारातून उठलेल्या माणसांनी पुन्हा कामाला लागावं म्हणून नायगावला त्यांनी एक केंद्र काढलं होतं. आजचा कार्यक्रम त्याच केंद्राचा.

तिला कुणी बांधून आणलं नव्हतं. ती नंदाखालहून एस.टी.नं, भाऊ नरहरीच्या शेजारी बसून, स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आली होती. नरहरी आता पहिल्या रांगेत बसला होता. केळीच्या बागेतलं काम टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून बहिणीचं भाषण ऐकायला आलेला. 'बांधून' हा शब्द ऐकला तसा तो पायांकडे पाहू लागला.

केंद्रातल्या शिवणवर्गाच्या बाई लग्न होऊन गेल्या, तेव्हापासून वर्ग चंद्रकांताच सांभाळत होती. नेमणूक अशी नव्हतीच. कुणीतरी करायला हवं होतं, म्हणून ती करत होती. त्या जागेवर रीतसर माणूस घेणार असं कळलं, तेव्हा तिनं ती जागा मागितली. त्याचं उत्तर तिला आज, कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी, पडद्यामागे मिळालं. केंद्रातली समाजसेविका भाविका पाहुण्यांचे गुच्छ लावत होती. लावता लावता तिनं सांगून टाकलं, की विरारच्या एका बाईंना घेतलंय. चंद्रकांतानं कारण विचारलं. भाविका आधी टाळत राहिली. मग म्हणाली, पेशंटला स्टाफमध्ये घ्यायचं नाही असं ठरलंय. उद्या काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?

"सर म्हणाले, ती बरी आहे, पण तिच्या मानानं."

एवढं बोलून भाविकानं तिच्या खांद्यावर थोपटलं. आज टेन्शन घेऊ नको, स्टेजवर चेहरा हसरा ठेव, असंही सांगितलं.

आता टाळ्या थांबल्या. भाविकानं आठवडाभर पाठ करून घेतलेलं भाषण चंद्रकांतानं सुरू केलं. आलेल्या पाहुण्यांचे आभार मानले, भावाचे मानले. डॉक्टरांचं नाव आलं आणि ती थांबली.

"मला कुणी बांधून आणलं नव्हतं," ती म्हणाली.

डॉक्टर हसतच होते. ती त्यांच्याकडे वळली.

"सर, मी पूर्ण बरी आहे असं तुम्ही आत्ता सगळ्यांसमोर सांगितलंत. मग शिवणवर्ग मला का नाही दिलात?"

डॉक्टरांनी शांतपणे आपल्यापुढचा माईक ओढून घेतला. तिच्याकडे न पाहता ते समोरच्या लोकांना समजावू लागले. हेसुद्धा आपण समजून घ्यायला हवं, ते म्हणाले. आजार उलटण्याआधी असंच होतं. आधी चिडचिड वाढते, मग आपल्यावर अन्याय होतोय असं वाटायला लागतं. घरच्यांनी ही लक्षणं वेळीच ओळखायची असतात. लोकांनी माना डोलावल्या. नर्सिंगच्या दोन मुलींनी लिहून घेतलं.

चंद्रकांता तिथेच, चार हातांच्या अंतरावर उभी होती. डॉक्टर तिच्या डोक्यावरून पहिल्या रांगेकडे पाहत म्हणाले, "नरहरीभाऊ, हिच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?"

नरहरी उठला. इतकी वर्षं दवाखान्यात हा प्रश्न त्यालाच विचारला जायचा, ती शेजारच्या खुर्चीत बसलेली असताना. उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं. त्यानं बहिणीकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता, मान ताठ होती. विहिरीच्या पाण्याच्या वाटणीवरून काकांशी भांडताना त्यांची आई अशीच दिसायची. आईच्या गोळ्यांची चौकशी कुणी केली नव्हती.

"गोळ्या घेते ती," तो म्हणाला. "तिनं काय विचारलं, त्याचं उत्तर द्या."

डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं. हे आपण नंतर केबिनमध्ये बसून बोलू, असं म्हणून त्यांनी चहापानाची वेळ झाल्याचं जाहीर केलं. खुर्च्या सरकल्या. लोक सुटल्यासारखे दाराकडे निघाले. भाविका लगबगीनं व्यासपीठावर आली आणि माईक मागायला तिनं हात पुढे केला.

चंद्रकांतानं माईक दिला नाही.

"माझं बोलणं संपलेलं नाही," ती म्हणाली. ते शब्द चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून हॉलभर घुमले. दारातले लोक वळून पाहू लागले. डॉक्टर व्यासपीठाच्या पायऱ्यांवर अर्ध्यात थांबले.

रिकाम्या झालेल्या पहिल्या रांगेत नरहरी परत आपल्या खुर्चीवर बसला आणि ऐकू लागला.