टाकीखालचं चाक

"टाकी सरकारची, पाणी सरकारचं, सगळं मान्य. पण चाकाची किल्ली माझ्यापाशी राहिली पाहिजे," भगवानराव म्हणाले आणि त्यांनी इंजिनिअरपुढं चहाची कपबशी सरकवली.

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. कलेक्टर कचेरीला अजून धड जागा मिळाली नव्हती, दुष्काळानं मात्र आपलं बिऱ्हाड आधीच थाटलं होतं. औशाजवळच्या या गावचा आड तळाला गेला होता. त्या आडात बौद्धवाड्याला कधी कुणी दोर सोडू दिला नव्हता, आता तर प्रश्नच मिटला. मग सरकारी बोअरला पाणी लागलं आणि टाकी उभी राहिली. टाकीतून एक नळ गावात जायचा होता, दुसरा बौद्धवाड्यात. सरपंच भगवानरावांचा डोळा त्या दुसऱ्या नळावर होता.

इंजिनिअर गुरुबसप्पा निलंग्याकडचा. वयानं पोरगेला, बोलायला कमी. त्यानं विचारलं, "किल्ली घेऊन काय करणार?"

भगवानराव लपवाछपवी करणारे नव्हते. "बौद्धवाड्यातली माणसं पाझर तलावाच्या सरकारी कामावर जायला लागली. माझ्या विहिरीचा गाळ काढायला एक जण येईना. नाक दाबलं की तोंड उघडतंय, साहेब. चार रोज नळ बंद ठेवला की घागरी घेऊन येतील माझ्या दारात."

"लहान लेकरं असतील त्यांच्यात."

"म्हणून तर लवकर येतील."

गुरुबसप्पानं बशी बाजूला सारली. "चाकाचा व्हॉल्व्ह तर बसवावाच लागतो," तो म्हणाला, "दुरुस्तीला लागतो. कुठं बसवायचा तेवढं माझ्यावर सोडा."

"सोडलं. कुलूप मात्र दणकट पाहिजे."

"दणकटच देतो."

भगवानरावांनी माणूस तिथंच जोखला. नवी नोकरी, नवा जिल्हा. असा माणूस सरपंचाशी वाकडं कशाला घेईल?

चर खणायला बौद्धवाड्यातलीच माणसं होती. टाकीच्या बुडाशी मात्र गुरुबसप्पानं लातूरहून आणलेल्या फिटरकडून पाइप जोडून घेतले, स्वतः उभं राहून. दुपारच्या आत वर माती ओढली, लोखंडी झाकण बसवलं आणि कुलूप घातलं. मातीची पाटी घेऊन उभी असलेली बौद्धवाड्यातली चांगुणा हे सगळं बघत होती.

"साहेब, किल्ली सरपंचाकडं ऱ्हाणार म्हणं?"

"हो."

"मग आमच्या नळाला काय अर्थ?"

गुरुबसप्पा खाली मान घालून टेप गुंडाळायला लागला.

"एवढं शिकलात, आन् असं करायलात तुमी," चांगुणा म्हणाली आणि पाटी उचलून चालती झाली. लिंबाखाली बसलेल्या भगवानरावांना सगळं ऐकू आलं. त्यांना इंजिनिअरची जराशी कीवही आली.

पाणी सुटलं त्या दिवशी भगवानरावांनी खात्री करून घेतली. गावातल्या बायांचं पाणी भरून झालं होतं. उन्हं चढल्यावर त्यांनी झाकण उघडून चाक आवळलं आणि आपला सालगडी रामकिशन याला बौद्धवाड्यात पिटाळलं. तो धापा टाकतच परत आला.

"पार बंद, मालक. टिपूस न्हाई."

भगवानराव खुशीत हसले. चाक पुन्हा सैल केलं आणि किल्ली कोपरीच्या खिशात टाकली. पोरगा कामाचा निघाला, असं त्यांनी त्या दिवशी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

वैशाखात विहीर पार आटली. भगवानरावांनी बौद्धवाड्यात सांगावा धाडला. तलावावर रोख मजुरी मिळती, असा उलट निरोप आला. त्यांनी त्याच संध्याकाळी चाक आवळलं, कुलूप घातलं आणि शेवटच्या बसनं लातूर गाठलं. गावात राहिलं तर कुणीतरी येऊन रडणार आणि आपण पाघळणार, हे ते स्वतःला ओळखून होते. बहिणीकडं दोन मुक्काम केले. आमरस झाला. निघायच्या दिवशी सहज म्हणून ते गुरुबसप्पाच्या कचेरीत डोकावले.

"चाक फिरवलंत?" त्यानं विचारलं.

"परवाच."

"आणि किल्ली?"

भगवानरावांनी खिसा थोपटला.

"घरी सांगून आलात?"

"त्यात घरी काय सांगायचं? बायामाणसांचा काय संबंध?"

गुरुबसप्पा उठला. माठातलं पाणी पेल्यात ओतून त्यानं त्यांच्यापुढं ठेवलं. "पोटभर पिऊन घ्या," तो म्हणाला, "आणि मिळेल त्या बसनं गावी जा."

पोरगा मऊ काळजाचा आहे, बौद्धवाड्यातल्या लेकरांसाठी जीव तुटतोय त्याचा. बसमध्ये भगवानरावांच्या मनात हेच चाललं होतं.

गावाखालच्या नदीच्या पुलाजवळ ते उतरले. पात्र कोरडंठाक होतं. मधोमध वाळूत झिरा उकरला होता आणि त्याच्याभोवती डोक्यावर पदर ओढलेल्या बायांची लांबच लांब रांग लागली होती. भगवानरावांना राहवलं नाही. ते वाळू तुडवत खाली गेले.

चांगुणा झिऱ्यात उतरून वाटीवाटीनं पाणी काढत होती.

"काय चांगुणा," ते म्हणाले, "आता तरी येताय का माझ्या दारात?"

चांगुणानं वर बघितलं नाही. भरलेली वाटी तिनं पुढं वाकलेल्या बाईच्या घागरीत ओतली. "आलो असतो, मालक. पण तिथं कोण हाय? समदं गाव हितंच हाय."

घागरवाली बाई वळली. कावेरीबाई. भगवानरावांची बायको.

"दोन दिस झाले, त्या एकाच चाकानं आपल्या घरचा, गावचा, समदे नळ कोरडे हायत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढं केला. "रामकिशननं दोन पहारी वाकवल्या, कुलूप तुटंना. किल्ली द्या."