उंचीसाठी काढलेला माणूस

दुपारपर्यंत तिला दोनपैकी एका आराखड्यावर सही करायची होती. सौम्य किरणोत्सारी कचरा मातीच्या चरात पुरायचा, की काँक्रीटच्या कोठीत तीनशे वर्षं बंद ठेवायचा?

कोठी भक्कम वाटत होती. पण आराखड्यात उंचीचा अंदाज यावा म्हणून माणसाची आकृती काढतात, तो माणूस तिला बंद कोठीच्या आत दिसला.

"दादा, याला आत का कोंडलंत?"

आराखडे काढणारा ड्राफ्ट्समन हसला. "बाळानं झोपू दिलं नाही वाटतं, मॅडम. बाहेरच तर उभा केलाय."

तिने दुसरी प्रत उघडली. माणूस आतच होता, आणि आता त्याचं बोट धरून एक चिमुकली आकृती उभी होती.

तिने घाईघाईने चराचा आराखडा ओढला, सहीसाठी पेन टेकवलं.

मातीच्या थराखाली दोघं निजली होती. मोठ्या आकृतीने चिमुकलीला कुशीत घेतलं होतं.