कांद्याची पिशवी

साळूबाईच्या खुंटीला तीन पिशव्या असायच्या. जुन्या लुगड्याची बाजाराला, फौजेतल्या दिराच्या खाकी विजारीची नवऱ्याला वडूजच्या कचेरीत मिरवायला, आणि तिसरी खादीची. ही तिच्या भावानं बेचाळीसला तुरुंगात जाण्याआधी दिलेली. ती बघूनच नवऱ्याची, लालासाहेबांची, पाचावर धारण बसली होती. "फौजदारानं बघितली म्हंजे? कांदं भर हिच्यात!" पाच वर्षं तिच्यात कांदेच राहिले.

पंधरा ऑगस्टला चावडीपुढं झेंडा लागायचा होता. सकाळीच लालासाहेबांनी हुकूम सोडला, "माझी खादीची पिशवी काढ!"

"आवं, लय वास मारतोय तिला. डागबी पडल्यात."

"पडू देत. आण."

सभेला सगळेच खादीची पिशवी घेऊन आले होते, पण कालच विकत घेतलेली, कोरी करकरीत. विरलेली आणि डागाळलेली एकट्या लालासाहेबांची. साताऱ्याहून आलेल्या पुढाऱ्यांनी ती छातीशी धरली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बघा, ह्याला म्हणतात त्याग!" पहिला हार लालासाहेबांना पडला. बायकांच्या घोळक्यातून साळूबाईला दिसलं, तिचा भाऊ पार मागं उभा होता, मोकळ्या हातानं.

दुसऱ्या दिवशी पाटलीण मनुबाई मागच्या दारानं आली. पदराखालून तिनं नवी खादीची पिशवी काढली.

"साळूबाई, पुढच्या सभेपातूर हिच्यातबी कांदं भरून ठिवा की."