शिकाऊ हात

"काका, आज आपला दहावा तास. शेवटचा," समुपदेशन शिकणारी मुलगी हसून म्हणाली, आणि टेलर मास्टरांनी चमकून वर पाहिलं.

"शेवटचा म्हणजे?"

"दहाच असतात ना. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मी."

सांगितलं असेल. मास्टरांचं तेव्हा लक्ष कुठं होतं? बाहेरच्या डॉक्टरांची फी ऐकूनच त्यांनी लांबून हात जोडले होते. मग लेकीनं युक्ती काढली. "बाबा, कॉलेजात फुकट बघतात. तुम्ही स्वतःसाठी जाऊच नका. तिथल्या एका मुलीला शिकायला पेशंट हवाय, तिचं तेवढं काम होऊ द्या." शिकणाऱ्याचं नाव काढलं की मास्टर विरघळलेच. त्यांच्या हाताखालून कितीतरी कारागीर तयार होऊन गेले होते.

आणि तिथंच मास्टर फसले. शिकाऊ हातात भारी कापड द्यायचं नाही, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. आधी उशांचे अभ्रे, मग साधे शर्ट, कोट सगळ्यांत शेवटी. तशीच त्यांनी पोरीला आधी सोपी दुखणी दिली. झोप कमी लागते. मान अवघडते. दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही. ती प्रत्येकावर काहीतरी उपाय सांगायची आणि पुढच्या खेपेला मास्टर म्हणायचे, "फरक पडला बरं का!" पोरीचा चेहरा असा काही खुलायचा की विचारू नका.

खरं दुखणं त्यांनी मागं ठेवलं होतं. कात्री धरली की हात थरथरायचा, दरदरून घाम फुटायचा. शटर अर्धं ओढून ते आत नुसते रडत बसायचे, आणि शेजाऱ्यांना काम चाललंय असं वाटावं म्हणून सुईत दोरा न ओवताच मशीन चालवायचे. हे आज सांगायचं, असं ठरवूनच ते घरातून निघाले होते. पोरीचा हात आता बसला होता. हल्ली ती घाईनं उपाय सांगत नव्हती, ऐकून घेत होती.

"जरा बोलायचं होतं," मास्टर म्हणाले.

"बोला ना काका. फक्त आधी एवढी खूण करून द्या, मॅडम थांबल्यात." तिनं कागद पुढे सरकवला. "सगळ्यांत जास्त फरक तुमच्यात पडलाय. मॅडमनी वर्गात माझं उदाहरण दिलं!"

कागदावर दोन चौकोन होते. एकापुढे 'बरे वाटते', दुसऱ्यापुढे 'पुढे उपचार हवेत'.

"दुसऱ्यावर खूण केली तर?"

"मग इथल्या मोठ्या डॉक्टर बघतात. तेही फुकटच. पण तुम्हाला कशाला लागतंय ते?"

मास्टरांनी पेन दुसऱ्या चौकोनापाशी नेलं. पोरगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. पहिला कोट शिवून झाला की कारागीर असाच बघत उभा राहतो. कोटात कितीही खोट असो, मास्टरांनी अशा वेळी त्याच्या देखत कधी शिवण उसवली नव्हती. त्यांनी पहिल्या चौकोनात खूण केली. करतानाच कळत होतं, चुकतोय आपण. तरी हात मागं आला नाही.

"हं, काय बोलायचं होतं काका?"

"काही नाही गं. बाहीची शिवण सुटलीय तुझ्या. ये दुकानात, दोन टाके घालून देतो."

बाहेर बाकावर बसलेली लेक त्यांना बघताच उठली. "आज सांगितलंत ना तिला सगळं?"

मास्टर जिना उतरू लागले. कठड्यावरचा हात त्यांनी खिशात घातला.

"चांगली तयार झाली पोरगी," खालच्या पायरीवर थांबून ते म्हणाले. "आता कुणाचंही अवघड दुखणं बिनधास्त द्यावं तिच्या हातात."