जुळ्यांचा रिपोर्ट

“तू वाच म्हादू, तू शिकलेला,” म्हणत माझ्या जुळ्या भावानं, येसूनं, रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. आम्ही दोघं बहात्तरचे. मी वाचून दाखवलं. त्याच्या पेशींचं वय ब्याऐंशी, माझ्या पेशींचं अडुसष्ट.

“एकाच दिवशी जन्मलो, मग मीच कसा म्हातारा?” तो हसला.

आम्हाला तपासणीला नेणारी त्याची नात केतकी म्हणाली, “आबा, प्रत्येक पेशीत डीएनएचा दोन मीटर लांब धागा घट्ट गुंडाळलेला असतो. वयाबरोबर ती गुंडाळी सैल होत जाते. वर्षानुवर्षं जागरण केलं, तर लवकर.”

तरुणपणी आम्ही दोघं सूतगिरणीत कामाला होतो, तिथं मुकादमाला आमच्यातला फरक कळायचा नाही. म्हणून माझ्या रात्रपाळीला येसू जायचा आणि त्याच्या दिवसपाळीला मी. मला संध्याकाळी प्रौढ शाळेत जाता यावं, एवढ्यासाठी. आठ वर्षं.

मी मान खाली घातली.

“असू दे रे,” येसू म्हणाला, “घरात एक तरी वाचायला शिकला.”

“शाळा दोनच वर्षांची होती, येसू.”

त्याचं हसणं थांबलं. “मग उरलेली सहा वर्षं रात्री काय करायचास?”

“झोपायचो.”